विद्यापीठाचं पहिलं पोस्टर करताय? आधी देवनागरी सांभाळा

बोधचिन्ह जनसंपर्क विभागाकडून व्हेक्टर फाइलमध्येच (कितीही मोठं केलं तरी कडा स्वच्छ राहतात अशी फाइल) मागून घ्या. संकेतस्थळावरून उतरवलेलं जेपीजी फ्लेक्सवर मोठं केलं की चौकोनी ठिपक्यांत फुटतं, आणि सगळ्यात आधी त्यातलं ब्रीदवाक्य वाचेनासं होतं.

खरी गोची मजकुरात असते. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं अडोबीचं सॉफ्टवेअर) ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ हा पर्याय निवडला नाही, तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. विभागांकडून येणारा मजकूर बऱ्याचदा जुन्या, नॉन-युनिकोड फॉन्टात असतो (युनिकोड म्हणजे सगळीकडे सारखीच चालणारी अक्षरांची संकेतप्रणाली). तो युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार आणि ‘ऱ्या’ डोळ्यांत तेल घालून तपासा. रूपांतरात तेच बिघडतात.

शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. हवं तर टाइप मोठा करा. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. मराठी-इंग्रजी दोन्ही हवं असेल तर ‘मुक्त’ (Mukta) हा फॉन्ट घ्या. त्यात दोन्ही लिप्या आहेत आणि तो मोफत मिळतो.

छपाईसाठी रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे), चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी जास्तीची कड). म्हणजे ए-३ची फाइल ३०३ × ४२६ मिमी. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालेत ना, म्हणजे फाइलच्या आतच आलेत ना, हे छापखान्यात पाठवण्याआधी बघा.