सिस्टरना थँक्यू कसं म्हणू?

"ताई, मी नाशिकला जिल्ह्याच्या लसीकरणाच्या कामात आहे. 2012 ला बाँडवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीवर) पेठ तालुक्यातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एमओ (वैद्यकीय अधिकारी) म्हणून गेले तेव्हा मला काही येत नव्हतं, सगळं तिथल्या सिस्टरनी शिकवलं. मागच्या महिन्यात माझा सत्कार झाला. भाषणात कॉलेजचे सर, मोठे साहेब, सगळ्यांचे आभार मानले, फक्त सिस्टरचे राहिले. त्या मागच्या रांगेत होत्या. नंतर येऊन 'छान बोललात मॅडम' म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या. तेव्हापासून झोप नाही. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू? की फेसबुकवर मोठी पोस्ट लिहू?"
– एक डॉक्टर, नाशिक

अगं डॉक्टर, तुझं पत्र चार पानी, वर थोडक्यात दिलंय. पण गंमत सांगू का, पहिली दोन पानं नुसतं 'माझ्या मेंटॉर, माझ्या मेंटॉर' चाललंय आणि त्या एलएचव्ही, म्हणजे नर्सबाईंवर देखरेख करणाऱ्या आरोग्य सहाय्यिका, होत्या हे कळतं तिसऱ्या पानावर, तेही जाता जाता. तू विसरलीबिसरली नव्हतीस गं, विसरली असतीस तर गाढ झोपली असतीस. हाताखालच्या बाईनी आपल्याला शिकवलं हे साहेबांसमोर माईकवर म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच झालंय. हे एकदा स्वतःशी कबूल कर, मग पुढचं सोपं आहे.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलं ते आईसपॅकचं. लसीकरणाच्या पहिल्याच सेशनच्या सकाळी तू डीप फ्रीझरमधले दगडासारखे पॅक काढून सरळ लसीच्या कॅरियरमध्ये भरायला लागलीस आणि सिस्टरनी काही न बोलता एक उचलून तुझ्या कानाशी हलवला, 'काही ऐकू येतं का मॅडम?' काहीच नाही. मग सगळे पॅक ओट्यावर मांडून ठेवले, बाहेर बायका लेकरं घेऊन ताटकळतायत, तू घड्याळ बघतेयस, आणि सिस्टर शांतपणे चहा पितायत. थोड्या वेळानी परत कानाशी धरला, आत पाणी डुबुक वाजलं. 'आता भरा.' मला तर हे माहीतच नव्हतं, की कडक बर्फाला टेकून डीपीटीची लस गोठते आणि एकदा गोठली की वाया, आणि परत वितळल्यावर बाटलीकडे बघून चटकन कळतही नाही. बाटलीवरचा तो गोलातला चौकोन लसीला उष्णता लागली का ते सांगतो म्हणे, गोठल्याचं सांगत नाही. म्हणजे त्या दिवशी बाळांच्या कार्डावर लस दिल्याच्या खुणा झाल्या असत्या आणि उपयोग शून्य. आणि एवढ्या बायकांसमोर नव्या डॉक्टरीणबाईंची लाज पण राखली त्यांनी!

आणि ती वही. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कितीतरी माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांवर जातात, घडांचं डिपिंग थिनिंग (औषधात बुडवणं, विरळणी) करत महिनोन्‌महिने तिकडेच, पोरं पण बरोबर, आणि इकडे गावच्या रजिस्टरला लेकरू 'गैरहजर'. सिस्टरच्या वहीत कुठलं कुटुंब कुठल्या शेतकऱ्याच्या बागेवर आहे ते लिहिलेलं असायचं, त्यावरून तिकडच्या नर्सबाईला फोन जायचा. आज तू ज्या कामाबद्दल हार घालून घेतलास ते हेच ना? तूच लिहिलंयस, मी नाही.

आता शाल-श्रीफळाचं. अजिबात नको. परत स्टेजवर तूच असणार, साहेब तासभर बोलणार आणि सिस्टर नवी साडी नेसून अवघडून बसणार. फेसबुक तर त्याहून नको, खाली दोनशे जण तुलाच 'किती मोठ्या मनाची गं तू' लिहितील.

त्यांच्याकडे काम घेऊन जा. 2027 च्या सिंहस्थाची तयारी तुमच्या ऑफिसात चालू आहे म्हणतेस, आणि त्यांनी 2003 आणि 2015 दोन्ही कुंभांना त्र्यंबकला ड्यूटी केलीय. जा आणि विचार, की सिस्टर, तुमच्या वेळी टँकर आला की ओटीचे (पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकून पाणी पिवळं पडतंय का ते रात्री कोण बघायचं, एवढ्या गर्दीत हगवणीचे पेशंट वाढतायत हे आधी कुणाच्या लक्षात यायचं, काय चुकलं होतं तेव्हा. वही पेन घेऊन बस आणि लिहून घे, पूर्वी घ्यायचीस तसं. मध्येच कधीतरी भाषणाचं सांग, सरळ एका वाक्यात, 'त्या दिवशी तुमचं नाव घ्यायला मी लाजले, चुकलं माझं.' रडत बसू नकोस, नाहीतर त्याच बिचाऱ्या उठून तुला पाणी देत बसतील.

आणि पुढच्या ट्रेनिंगला साहेब समोर असताना आईसपॅक कानाशी धरून दाखव आणि कुणी शिकवलं ते हुद्द्यासकट सांग. तिथे जीभ अडखळली तर अडखळू दे.

रविवारी जाऊ नकोस, त्या मुलाकडे असतात असं तूच लिहिलंयस. शनिवारी संध्याकाळी जा, आधी फोन करून. आणि हो, चार पानांत त्यांचं नाव एकदाही आलं नाहीये, नुसतं सिस्टर सिस्टर. पुढच्या पत्रात लिही. छापणार नाही मी, मला फक्त वाचायचंय.