‘प्रेझेंटली’ म्हणजे सध्या की थोड्या वेळाने?

प्रश्न : मी जुन्या इंग्रजी कथांचा अनुवाद करते. एका कथेतील ‘प्रेझेंटली द डोअर ओपन्ड’ या वाक्याचे मी ‘सध्या दार उघडले’ असे भाषांतर केले, तेव्हा संपादकांनी ते खोडून ‘थोड्या वेळाने’ असे लिहिले. आमच्या कार्यालयीन पत्रांत मात्र हा शब्द ‘सध्या’ याच अर्थाने रोज येतो. मग चुकले कोणाचे?

उत्तर : या वाक्यापुरते चुकले ते आपले, पत्रे लिहिणाऱ्यांचे काही चुकलेले नाही. ‘सध्या’ हा अर्थ नवा किंवा भारतीय इंग्रजीने पदरचा घातलेला आहे, असा समज पुष्कळांचा असतो; वास्तविक तो पंधराव्या शतकाइतका जुना असून, सतराव्या शतकानंतर इंग्लंडमधील लेखनातून तो मागे पडला तरी स्कॉटलंड आणि अमेरिकेत टिकून राहिला.

खरी गंमत तिसऱ्या अर्थाची आहे. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये प्रॉस्परो एरिअलला काम सांगतो, तेव्हा एरिअल एकाच शब्दात विचारतो, ‘प्रेझेंटली?’, आणि उत्तर मिळते की हो, पापणी लवायच्या आत. म्हणजे तेथे अर्थ ‘ताबडतोब’ असा आहे. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात, येशूने शापिलेले अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळते, तेही तत्क्षणीच. पण ‘ताबडतोब’ म्हणणारा माणूस ताबडतोब उठतोच असे नाही, आणि ऐकणाऱ्यालाही हळूहळू त्याची सवय होते. ‘आत्ता आलो’ म्हणून कोपऱ्यावर गेलेल्या माणसासाठी आपण तरी चहा कुठे गाळून ठेवतो? अशा सैल वापराने ‘प्रेझेंटली’ हा शब्द ‘थोड्या वेळाने’ या अर्थावर येऊन स्थिरावला. ‘सून’ या शब्दाचेही हेच झाले, कारण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘लगेच’ असाच होता.

आपल्याकडे याच्या उलट दिशेने गेलेला शब्द आहे. संस्कृतातील ‘सद्यः’ म्हणजे त्याच दिवशी, तत्काळ. मराठीत मात्र ‘सद्यःस्थिती’ म्हटले की कोणाला घाई आठवत नाही, चालू काळच आठवतो.

अनुवाद करताना क्रियापदाकडे पाहावे. वर्तमानकाळी क्रियापद असेल आणि चालू स्थिती सांगितलेली असेल, तर बहुधा ‘सध्या’. भूतकाळातील कथनात घटनेमागून घटना येत असतील, तर ‘थोड्या वेळाने’, ‘एवढ्यात’ किंवा ‘इतक्यात’. आणि मजकूर सोळाव्या-सतराव्या शतकातील असेल, तर ‘तत्काळ’ हा अर्थ आधी लावून पाहावा. आपल्या वाक्यात संपादकांचे ‘थोड्या वेळाने’ अर्थाने बरोबर आहे, पण पात्रे दाराकडे डोळे लावून बसली असतील, तर मी ‘इतक्यात दार उघडले’ असेच लिहीन. स्वतः इंग्रजी पत्र लिहिताना मात्र ‘साहेब प्रेझेंटली भेटतील’ अशा धर्तीचे वाक्य टाळावे, कारण ते वाचून पाहुणा लगेच आत शिरेल की बाकावर बसून राहील, हे त्याने कोणते इंग्रजी वाचले आहे यावर अवलंबून राहील. तेथे ‘नाऊ’ किंवा ‘सून’ यांपैकी जे अभिप्रेत असेल ते सरळ लिहावे.