वाचकांचे प्रश्न: स्क्रीन काळी पडली म्हणजे बोर्ड गेला असं नाही

या वेळच्या पत्रांत रास्पबेरी पाय या एकाच बोर्डावर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनबद्दलच जास्त विचारणा आहे, म्हणून सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न: नमस्कार सर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी रास्पबेरी पाय ४ चे पाच बोर्ड दिलेत. मॉनिटर मात्र आमचेच जुने, निळ्या प्लगचे व्हीजीएवाले, म्हणून मध्ये एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर लावलेत. तीन छान चालतात, दोनवर सुरुवातीला रंगीबेरंगी चौकोन येतो आणि मग ‘नो सिग्नल’. व्हिडिओ बघून कॉन्फिग फाइलमध्ये एचडीएमआय ग्रुप आणि एचडीएमआय मोडच्या ओळी टाकल्या, काही फरक नाही. ज्यावरून बोर्ड सुरू होतो ते मेमरी कार्ड तीनदा नव्याने तयार केलं. बोर्ड गेले का?

उत्तर: ताई, बोर्ड गेलेले नाहीत, आणि कार्ड चौथ्यांदा अजिबात करू नका. तो रंगीत चौकोन दिसला यातच अर्धं उत्तर आलं, कारण तो दिसायला बोर्डाला वीज मिळावी लागते, कार्ड वाचलं जावं लागतं, ग्राफिक्सवाला भाग जागा व्हावा लागतो आणि चित्र अडॅप्टरमधून मॉनिटरपर्यंत पोचावं लागतं. एवढं सगळं तुमच्याकडे झालंय.

आता नेमकं कुठे अडतंय ते बघू. ‘नो सिग्नल’ आल्यावर दोन मिनिटं थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर आतमध्ये लिनक्स, म्हणजे बोर्डाची ऑपरेटिंग सिस्टिम, व्यवस्थित चालू आहे, फक्त ते तुम्हाला दिसत नाहीये. दिवा हलतच नसेल आणि चौकोनच अडकून राहत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कार्ड किंवा त्यावरच्या फाइलींवर संशय घ्यायचा. तुमच्या वर्णनावरून मला पहिलाच प्रकार वाटतोय.

होतं काय, की तो रंगीत चौकोन बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे अगदी सुरुवातीला चालणारा प्रोग्रॅम दाखवतो, लिनक्स त्यानंतर येतं आणि स्क्रीनचा ताबा आपल्या ड्रायव्हरकडे, म्हणजे स्क्रीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे घेतं. हा ड्रायव्हर मॉनिटरला विचारतो की बाबा तुला कुठलं रिझोल्युशन, म्हणजे किती आडव्या-उभ्या ठिपक्यांचं चित्र जमतं. प्रत्येक मॉनिटरमध्ये याची एक छोटी माहिती भरलेली असते, मूळ भाग फक्त १२८ बाइटचा, तिला ईडीआयडी म्हणतात. स्वस्तातले अडॅप्टर ही माहिती नीट पुढे देत नाहीत, काही तर स्वतःचीच काहीतरी देतात, मग ड्रायव्हर असं रिझोल्युशन निवडतो जे जुन्या चौकोनी मॉनिटरला झेपत नाही आणि तो ‘नो सिग्नल’ म्हणून मोकळा होतो.

तुम्ही टाकलेल्या ओळी का चालल्या नाहीत तेही सांगतो, कारण यात तुमची काहीच चूक नाही. त्या ओळी एके काळी अगदी बरोबर होत्या. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमची बुल्सआय आवृत्ती आली तेव्हापासून स्क्रीनचं काम केएमएस नावाच्या ड्रायव्हरकडे गेलं आणि तो एचडीएमआय ग्रुप, मोड वगैरे बघतच नाही. व्हिडिओ मात्र अजून जुनेच फिरतायत, आणि शिक्षकांचे दिवसच्या दिवस त्यात जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी सोप्या दोन गोष्टी करा. चालणाऱ्या संचाचा अडॅप्टर काढून बंद संचाला लावा. चित्र आलं तर विषयच संपला, अडॅप्टर बदला. आणि केबल वीजेच्या सॉकेटला लागून असलेल्या मायक्रो एचडीएमआयमध्येच आहे ना ते बघा, पाय ४ वर दोन पोर्ट आहेत आणि एकच मॉनिटर असेल तर तो या पहिल्या पोर्टलाच लावायचा.

तरी नाही आलं तर बोर्ड बंद करून कार्ड काढा आणि विंडोजच्या लॅपटॉपला लावा. इथे जपून! ‘बूटएफएस’ नावाचा एक ड्राइव्ह उघडेल आणि त्याबरोबर विंडोज एक खिडकी दाखवेल, की ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल. तिथे कॅन्सल दाबायचं. ती खिडकी कार्डाच्या दुसऱ्या भागासाठी असते, तो लिनक्सच्या पद्धतीचा असल्यामुळे विंडोजला वाचता येत नाही एवढंच, खराब काही नसतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने घाईत फॉरमॅट दाबलं आणि तीन आठवड्यांचं काम गेलं, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय.

बूटएफएसमध्ये सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत एकच लांबलचक ओळ दिसेल, ती एकच राहिली पाहिजे, एंटर दाबायचं नाही. शेवटी जाऊन एक स्पेस द्या आणि इंग्रजी अक्षरांत हे लिहा, मध्ये कुठेही स्पेस नको: व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१०२४एक्स७६८@६०डी. व्हिडिओ आणि एक्स लहान अक्षरांत, एचडीएमआय, ए आणि शेवटचा डी कॅपिटल. याचा अर्थ, पहिल्या पोर्टवर १०२४ गुणिले ७६८ एवढंच चित्र सेकंदाला ६० वेळा पाठव, आणि डी म्हणजे समोरून उत्तर येवो न येवो, पाठवच. जुने चौकोनी मॉनिटर एवढं हमखास दाखवतात. फाइल सेव्ह करा, कार्ड परत लावा, आधी मॉनिटर आणि मग बोर्ड चालू करा.

मला हे यंत्र मुलांच्या हातात हवं असतं ते याचसाठी. स्क्रीन दिसत नसतानासुद्धा दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक साधी मजकुराची फाइल उघडून त्याला सांगता येतं की असं वाग. बोर्डाचं सगळंच खुलं नाही, सुरुवातीचं फर्मवेअर बंदिस्तच आहे, पण लिनक्स आणि हा ड्रायव्हर खुला आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो. जमलं तर ही दुरुस्ती आठवी-नववीच्या मुलांकडूनच करून घ्या.

प्रश्न: दादा, मी नववीत आहे, चिपळूणला राहतो. माझ्या पाय ४ ची स्क्रीन मध्येच एक-दोन सेकंद काळी होते, पेन ड्राइव्ह लावला की हमखास. वर कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. बाबांच्या फोनचा ६५ वॉटचा चार्जर लावलाय, म्हणजे पॉवर तर भरपूर आहे ना?

उत्तर: अरे, ती पिवळी वीज म्हणजे बोर्ड तुला ओरडून सांगतोय की मला व्होल्टेज कमी पडतंय. ५ व्होल्ट यायला हवेत, ते साधारण ४.६३ च्या खाली गेले की हे चिन्ह येतं. ६५ वॉट हा आकडा फसवा आहे बघ, कारण फोनचे चार्जर एवढी ताकद जास्त व्होल्टेजवर देतात. चार्जरच्या मागच्या बारीक अक्षरांत ५ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलंय ते वाच. तुझ्या बोर्डाला ३ हवेत, तिथे २ असतील तर पेन ड्राइव्हने थोडी वीज ओढली की लगेच कमी पडणार.

चार्जर बरोबर असेल तर केबल बदलून बघ. लांब आणि बारीक केबलमध्येच व्होल्टेज गळतं, चार्जरपाशी पुरेसं असतं आणि बोर्डापर्यंत येईस्तोवर कमी होतं. नक्की कळायला टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, व्हीसीजेनसीएमडी, मग स्पेस, मग गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड असं सगळं लहान इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाब. उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००५ आलं तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि त्यामुळे बोर्डाने वेग उतरवलाय. ०एक्स५०००० आलं तर आत्ता ठीक आहे पण चालू केल्यापासून कधीतरी कमी पडलं होतं. एकदा पेन ड्राइव्ह काढून आणि एकदा लावून बघ, दोन्ही उत्तरं वहीत लिही. आणि अशा विजेवर कार्डात काही लिहिलं जात असताना बोर्ड मध्येच बंद पडला तर कार्डावरच्या फाइली बिघडू शकतात, म्हणून तुझे प्रोग्रॅम आजच दुसरीकडे कॉपी करून ठेव.

प्रश्न: पाय ४ ला नवा २५६० गुणिले १४४० चा मॉनिटर घेतला. चित्र एकदम सुरेख, पण त्याच दिवसापासून वायफाय तुटतंय. राउटर तोच, जागा तीच. योगायोग? (डोंबिवली)

उत्तर: योगायोग नाही. पाय ४ वर हे रिझोल्युशन लावल्यावर वायफाय जातं हे २०१९ मध्ये, बोर्ड नवा असतानाच लोकांच्या लक्षात आलं होतं. एचडीएमआयच्या सिग्नलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये मिसळतो. स्क्रीन कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन १९२० गुणिले १०८० करून बघा, वायफाय परत आलं तर खात्रीच झाली. मग राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वापरा, नाहीतर चांगल्या शील्डिंगची केबल घ्या, किंवा सरळ लॅनची वायर लावा. मी असतो तर लॅनच लावली असती.

प्रश्न: बंगळुरूला असते, पाय ४०० वर (कीबोर्डमध्येच बसवलेला पाय) मराठी लिहिते. आधी सगळीकडे चौकोनच दिसायचे. लोहित हा देवनागरी फॉन्ट टाकल्यावर ब्राउझरमध्ये छान दिसतं, पण टर्मिनलमध्ये माझ्या फाइलींची नावं तुटकी दिसतात, वेलांटी भलतीकडे जाते. फॉन्ट अर्धवट बसला का?

उत्तर: फॉन्ट पूर्ण बसलाय. टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं एकेक घर देतं, इंग्रजीला ते चालतं, पण आपल्या लिपीत ‘कार्यालय’ लिहिताना र वर चढतो, ‘स्थिती’त वेलांटी आधी काढावी लागते, ‘ज्ञ’ तर दोन अक्षरं मिळून तिसरंच रूप घेतो. ब्राउझर आधी ही जोडणी करतो आणि मग चित्र काढतो, टर्मिनल ती नीट करत नाही. आपली लिपी अजून इथे दुय्यम राहिलीय हे मला खटकतं. पण तुमच्या फाइलींची नावं आतून अगदी बरोबर आहेत, फाइल मॅनेजरमध्ये तेच फोल्डर उघडून बघा, सगळी सरळ दिसतील. टर्मिनलमध्ये नाव लिहायची वेळ आलीच तर पहिलं अक्षर टाइप करून टॅब दाबा, बाकीचं ते स्वतः भरेल.