जोत्यावरच घर अडू नये म्हणून

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या नऊ जणींना प्रधानमंत्री आवास योजनेतून (ग्रामीण) घरकुल मंजूर झालं आहे. एक ठेकेदार नऊही घरं अंगावर घ्यायला तयार आहे. आम्ही मिळून बांधू शकतो का? जमीन काळी आहे.
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : बांधू शकता, आणि बांधाच. या योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः उभं करायचं असतं, त्यात ठेकेदार धरलेलाच नाही. गवंडी मजुरीवर लावा, पण मालाची खरेदी आणि हिशेबाची वही गटाकडे ठेवा.

अर्धवट राहिलेली घरकुलं बहुतेक जोत्यावरच (भिंतींखालच्या चौथऱ्यावरच) अडलेली दिसतात. योजनेचं किमान क्षेत्रफळ 25 चौ.मी. आहे, म्हणजे साधारण 270 चौ.फूट. पाया आखताना घरातलं कुणीतरी म्हणतं, "एक खोली वाढवून घेऊ." दोन फूट उंच जोत्यात 270 चौ.फुटाला 5.4 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम बसतो. चोपल्यावर तो दबतो, म्हणून सुटा मुरूम सात ब्रासच्या आसपास लागतो. शंभर फूट वाढवले की भरावालाच अडीच ब्रास जास्त, शिवाय भिंती आणि छत वाढतं ते वेगळंच. पुढचा हप्ता काम त्या टप्प्याला पोचल्याचा फोटो चढल्यावर मिळतो, आणि हातातले पैसे तर मातीत गेलेले असतात. आधी 270 फुटांचं घर छतापर्यंत न्या. वाढीव खोलीसाठी एका बाजूला जागा सोडून ठेवा.

नऊ घरांचं काम टप्प्याटप्प्याने एकदम चालवा : आधी सगळी जोती, मग सगळ्या भिंती. मुरूम एकत्र घेता येतो, आणि कुणाचं घर मागे पडत नाही. ट्रॉली रिकामी करण्याआधी टेपने मोजा. लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकाराला 100 ने भागलं की ब्रास कळतो. सिमेंट आठवड्यापुरतंच आणा. तीन महिन्यांहून जुनी गोणी जोडकामाला नको.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भेगा किती खोल जातात ते तार सोडून बघा. पाया त्या खोलीच्या खाली, घट्ट मुरमापर्यंत गेला पाहिजे. तिथे मुरूम लागतच नसेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय खड्डा भरू नका. जोत्यात खणलेली काळी माती परत टाकू नका. मुरूम अर्धा-अर्धा फूट पसरून, पाणी मारून, धुमसाने चोपा. एकदम भरला तर पहिल्या पावसाळ्यात फरशी खचते.

कालवायच्या मालाचं, म्हणजे सिमेंट-वाळूचं प्रमाण घमेल्याच्या अंदाजावर सोडू नका. आतून 30 × 30 × 39 सें.मी. मापाची लाकडी पेटी करून घ्या, तिच्यात बरोबर एक गोणी सिमेंट मावतं. वीटकामाला एका गोणीला सहा पेट्या वाळू. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. दुपारी घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी ओतलं की त्याची ताकद जाते, आणि हे रोज होतं. विटा भिजवून घ्या, भिंतीवर सात दिवस पाणी मारा. भिंत उभी-आडवी सरळ आहे का ते बघायला एकीने ओळंबा आणि पाणसळ धरायला शिकावंच.

तुमचा भाग किल्लारीचा, म्हणजे भूकंपाचा. जोतं आणि लिंटेल (दार-खिडक्यांचा माथा) या दोन्ही पातळ्यांवर काँक्रीटची अखंड पट्टी घाला : किमान तीन इंच जाड, दोन सळया, दर सहा इंचांवर 6 मि.मी.ची रिंग. सळया कोपऱ्यावर तोडू नका, वळवून पुढच्या भिंतीत न्या. कोपरा सुटला तर पट्टी असून नसल्यासारखी. 1993च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत 'संवाद सहायक' म्हणून काम केलेल्या बायका दुरुस्तीची अशीच माहिती घरोघरी सांगत.

प्रश्न : आमचं जुनं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे. दगडी भिंतीला पोट आलंय. पाडावंच लागेल का?

उत्तर : पोट किती आलंय त्यावर आहे, अभियंत्याला दाखवा. अशी भिंत म्हणजे दगडाचे दोन पदर आणि मधे चिखल-चिपा. पदर सुटले की पोट येतं. आधी तुळयांना टेकू द्या, मग दरवर्षी थर देऊन साचलेली माळवदावरची माती उतरवा. भिंत शाबूत असेल तिथे साधारण मीटर-मीटरवर दगड हळूच काढून आरपार तीन इंची भोक पाडा, दोन्ही टोकांना आकडे असलेली 8 मि.मी.ची सळई ठेवून काँक्रीट भरा आणि दहा दिवस ओलं ठेवा. एका वेळी एकच भोक. पहारीचे घाव घालू नका, हादऱ्याने उरलेला पदरही सुटतो.