मॅग्नेटचा फ्लक्स वळवणारी मोटर: ओढ चौपट, मग पॉवर का नाही?

तुमची रचना अशी: दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये २० × १० मिमीचे दोन एन४२ (निओडिमियमची एक प्रत) मॅग्नेट आणि प्रत्येक पट्टीवर एक कॉइल. करंट दिला की दोन्ही मॅग्नेटचा फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) एकाच टोकाला वळायला हवा. तुम्ही विचारलंय की ओढ चौपट होते तर पॉवरही चौपट मिळेल का, आणि १० × १० मिमी पट्टीवर ओढ जेमतेमच का वाढते.

चौपट हा आकडा खोटा नाही. ओढ फ्लक्स घनतेच्या (एकक टेस्ला) वर्गाप्रमाणे वाढते. १ चौ. सेमी टोकावर ०.७ टेस्लाला सुमारे १९.५ न्यूटन, १.४ टेस्लाला ७८. पण तेवढ्यात दुसरं टोक शून्यावर येतं. म्हणजे दोन्ही टोकं धरून ३९ चे ७८, दुप्पटच.

तुमची पट्टी मात्र करंट देण्याआधीच भरलेली आहे. गळती वजा जाता असा मॅग्नेट ०.९ टेस्लाच्या आसपास कामाचा फ्लक्स देतो, दोघांचा मिळून ०.३६ मिलिवेबर. कॉइल बंद असतानाच तो अर्धा-अर्धा वाटला जाऊन १ चौ. सेमीच्या प्रत्येक टोकाला १.८ टेस्ला जायला बघतो, आणि चांगलं सीआरएनजीओ (मोटरसाठीचा सिलिकॉन स्टील पत्रा) स्टॅम्पिंगसुद्धा १.५-१.६ च्या पुढे हात टेकतं. वळवलेला फ्लक्स मग हवेतून गळतो. ०.५ मिमीचे, १६ मिमी रुंद ३२ पत्रे घ्या. वॉर्निशसकट गठ्ठा १७ मिमीच्या आसपास भरेल आणि सगळा फ्लक्स एका बाजूला आला तरी १.४ टेस्लावर राहाल. अखंड एमएस (माइल्ड स्टील) पट्टी वापरू नका. तिच्यात एडी करंट (लोखंडातच घुमणारे करंट) फिरतात, फ्लक्स उशिरा वळतो आणि पट्टी तापते.

वेढ्यांचा हिशोब गॅपवरून (टोक आणि रोटर यांच्यातल्या फटीवरून) करा. ०.३ मिमी गॅप, प्रत्येक टोकाला असे दोन, १.४ टेस्ला: साधारण ६७० अँपिअर-टर्न (करंट गुणिले वेढे). प्रत्येक पट्टीवर १७० वेढे आणि २ अँपिअर पुरतील (दोन्ही मिळून ६८०). २१ गेजची तार घ्या. गॅप ०.५ मिमी झाला तर हीच गरज ११०० च्या वर जाते, म्हणून आधी बेअरिंग आणि शाफ्ट सरळ करा.

आता पॉवर. कॉइल बंद ठेवून रोटर हाताने सावकाश फिरवा. रोटरचा दात पट्टीच्या टोकाकडे येताना बोटांना खेच जाणवते, पुढे निघताना तितकीच उलटी खेच. पूर्ण फेरीत मॅग्नेटची कमाई शून्य. करंट चालू असताना दात आत आला की कॉइलमधला फ्लक्स बदलतो आणि पुरवठ्याला विरोध करणारं व्होल्टेज तयार होतं. त्या विरोधात करंट ढकलायला जी वीज खर्च होते तीच शाफ्टवर मिळते. मॅग्नेटचा फायदा खरा आहे, पण तो वेगळा: मूळ क्षेत्र उभं करायला तांब्यात उष्णता घालवावी लागत नाही.

इनपुटपेक्षा आउटपुट जास्त दिसलं तर आधी मीटरवर संशय घ्या. तुटक पल्सचं व्होल्टेज आणि करंट साध्या मल्टिमीटरवर वेगवेगळं वाचून गुणाकार केला की उत्तर हमखास चुकतं. ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) लावून स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) क्षणोक्षणीचा गुणाकार घ्या आणि त्याची सरासरी काढा. स्कोप नसेल तर ड्रायव्हरच्या आधी चोक आणि १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, मीटर चोकच्या अलीकडे. तिथे डीसी सपाट असतो. आउटपुट पुलीवर दोरी आणि स्प्रिंग काट्याने मोजा.

तुम्हाला मुळात जास्त वेग हवा असेल, तर रोटरच्या पोटात मॅग्नेट बसवलेली मोटर आणि फील्ड वीकनिंग (करंटने मॅग्नेटचा फ्लक्स दाबून वेग वाढवणं) करणारा कंट्रोलर हा जास्त पक्का मार्ग आहे. एक धोका लक्षात ठेवा. ४८ व्होल्टच्या मोटरचा वेग असा अडीचपट नेला आणि कंट्रोलर अचानक बंद पडला, तर फ्लक्स दाबणारा करंट जातो, बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरमध्ये तयार होणारं विरोधी व्होल्टेज) १२० व्होल्टपर्यंत चढतो आणि कंट्रोलरमधले १०० व्होल्टचे मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जागच्या जागी उडतात.