रेनेसाँ लग्न आठ हजारांत? राजवाडा सोडा, कोठार धरा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेकीला आणि होणाऱ्या जावयाला रेनेसाँ थीमचं, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपच्या थाटाचं लग्न हवंय, माणसं साठ, खर्च आठ हजार डॉलरच्या आत, जागा फिलाडेल्फियाच्या आसपास, आणि प्लॅनरने नुसत्या हॉलचेच साडेसात हजार सांगितले. वर ही काळजी, की पुण्याहून येणारे आजी-आजोबा या सोंगात बसणार कसे. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं असंच लग्न आम्ही पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टरजवळच्या एका शेतावर लावलं. त्याआधी दहा-बारा वर्षं मी रेनेसाँ फेअरला, म्हणजे त्या काळचे वेष करून भरणाऱ्या जत्रेला, जाणाऱ्यांचे कपडे शिवत आले आहे. त्यामुळे जरा लांबण लावते.

तुमच्या प्लॅनरच्या डोक्यात फ्लॉरेन्सच्या मेदिची या धनाढ्य घराण्याचा वाडा आहे. मखमल, झुंबरं, सोनेरी खुर्च्या. ते आठ हजारांत बसत नाही, आणि ओढूनताणून बसवलंच तर शाळेच्या गॅदरिंगचा सेट दिसतो. पण त्याच काळात शेतकऱ्यांचीही लग्नं लागत होतीच की! पीटर ब्रुगेल या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकाराचं 1567-68च्या सुमाराचं शेतकऱ्याच्या लग्नाचं चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, ते स्क्रीनवर मोठं करून बघा. धान्याचं कोठार, लांबच लांब टेबल, बसायला बाकं. नवरीच्या मागे एक हिरवं कापड टांगलंय, त्यावर कागदी मुकुट. संपली सजावट. दोन बॅगपाइपवाले उभे आहेत, एकजण मोठ्या भांड्यातून सुरयांमध्ये ओततोय, आणि वाढपी चक्क बिजागरीतून काढलेल्या दारावर वाडगे मांडून पंगतीत आणताहेत. यातला नवरा नेमका कोण, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. आपल्याकडे तरी नवरदेवाला कोण विचारतं!

आम्ही हे चित्र समोर ठेवूनच यादी केली. शेतावरचं कोठार रविवारचं घेतलं, शनिवारपेक्षा बरंच स्वस्त पडलं. काउंटी पार्कचा पॅव्हेलियन मिळाला तर त्याहूनही कमी. कोठारात खऱ्या मेणबत्त्या बहुतेक ठिकाणी लावू देत नाहीत, हे आधीच विचारून घ्या; आम्हाला ऐनवेळी कळलं आणि बॅटरीच्या मेणबत्त्या आणायला धावाधाव झाली. पितळ मात्र घरचंच काढा. तांबे, पराती, घंगाळ. त्या काळच्या फ्लेमिश चित्रांत पितळी भांडी, पितळी दिवे सगळीकडे दिसतात, आपली परात तिथे अजिबात उपरी वाटत नाही.

दार आम्ही खरंच आणलं. हॅबिटॅट या संस्थेच्या रीस्टोअर नावाच्या जुन्या घरसामानाच्या दुकानात जुनी दारं स्वस्तात मिळतात. फक्त एक सांभाळा: 1978च्या आधीच्या घरातलं रंगवलेलं दार असेल तर रंगात शिसं असू शकतं. ते घरी घासत बसू नका, त्यावर अन्नही नको. बिनरंगाचं लाकडी दार शोधा आणि वर जाड सुती कापड अंथरा. भाचीच्या दोन धिप्पाड मावसभावांनी त्यावरून मसालेभाताचे वाडगे आणले, तेव्हा सगळं कोठार उठून टाळ्या वाजवत होतं. एवढा परिणाम हजार डॉलरच्या फुलांनी झाला नसता.

जेवणात टोमॅटो, बटाटा, मिरची नको. तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, आणि युरोपच्या खेड्यातल्या पंगतीत तेव्हा पोचलेल्या नव्हत्या. आपल्याकडेही त्या पोर्तुगीजांबरोबरच आल्या म्हणा. लवंग, दालचिनी, जायफळ, आलं, केशर मात्र सढळ हाताने वापरा. श्रीमंतांच्या पंगतीत तेव्हा त्यांचीच मिजास होती. मिरी घातलेला मसालेभात, जाड पाव, चीज, भाजलेली गाजरं-कांदे, सफरचंदं, अंजिरं आणि मार्झिपानच्या (बदाम-साखरेच्या युरोपी मिठाईच्या) जागी बदामाची बर्फी. कोणाला फरक कळला नाही. ठेच्याची एक बाटली आजोबांच्या बाकाखाली होती, तेवढा इतिहास आम्ही माफ केला.

आता कपडे, माझा विषय. भाचीने आधी ऑनलाइन 'राणीचा गाऊन' मागवला होता. आला तो पॉलिस्टरचा, पाठीला चेन, घालून दहा मिनिटांत पोरगी घामाघूम. पांढऱ्याचा हट्टही सोडा. पांढऱ्या वेषाची फॅशन 1840मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नानंतर पसरली. त्याआधी नवऱ्या लाल, हिरव्या, निळ्या, असतील त्यातल्या चांगल्या कपड्यांत लग्नाला उभ्या राहत.

आमच्याकडे आजीचं हिरवं इरकल होतं, साडेपाच मीटर. कापायला कोणाचा हात धजेना, आणि गरजही नव्हती. साडीचा पन्हा म्हणजे कमरेपासून पावलापर्यंतची उंची. वरचा काठ आत दुमडायचा, खालचा काठ घेराला येतो, आणि त्या काळच्या घागऱ्यांना खाली वेगळ्या रंगाची पट्टी लावत, तशीच दिसते. मग वरच्या कडेला जाड दोऱ्याने धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी, टाके एकाखाली एक अगदी बरोबर. दोरे खेचले की साडेपाच मीटरच्या नळीसारख्या उभ्या चुण्या अठ्ठावीस इंचांत येतात. प्रत्येक चुणी कमरपट्टीला हाताने टाचायची, दोन संध्याकाळी जातात. वर लिननचा सैल सदरा आणि पुढून नाडीची बिनबाह्यांची चोळी. पाहुण्यांवर पोशाखाची सक्ती करू नका. दारात थ्रिफ्ट स्टोअरच्या टोप्या आणि पट्ट्यांची पेटी ठेवा. आजी-आजोबांना काहीच बदलायला लावू नका. नऊवारी आणि पगडी नेसून-घालून येऊ देत, वास्को द गामा 1498मध्ये कालिकतला पोचलाच होता, तिकडचे पाहुणे आले असं म्हणायचं.

विधीचा खर्चही वाचतो. पेनसिल्व्हेनियात सेल्फ-युनायटिंग लायसन्स मिळतं. त्यात भटजी-पाद्री कोणी लागत नाही, वधूवर आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. अर्ज केल्यावर तीन दिवस थांबावं लागतं आणि लायसन्स साठ दिवस चालतं, तेव्हा तारीख मोजून जा. गंमत म्हणजे हे अगदी त्या काळाला धरून आहे: 1563मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने पाद्री आणि साक्षीदार सक्तीचे करेपर्यंत दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द चर्चलाही लग्न म्हणून मान्य होता. आम्ही नवरीमागच्या हिरव्या कापडाचाच आधी अंतरपाट केला, मंगलाष्टकं म्हटली, आणि हाताला फीत बांधायच्या जागी उपरण्याची गाठ मारली. जावयाकडचे लोक त्यालाच हँडफास्टिंग, म्हणजे वधूवरांचे हात बांधायची त्यांची जुनी रीत, समजून खूश.

आमचा सगळा हिशेब सात हजारांच्या थोडा आत राहिला, त्यातला निम्म्याहून जास्त जागा आणि जेवणावर. इरकलाचे टाके मी पुढच्या आठवड्यात उसवले, इस्त्री फिरवली, आणि त्या दिवाळीला आजी तेच नेसल्या होत्या. पन्हा आणि कंबर कळवा, कापड किती लागेल ते सांगते.