धोका जहाजावर जास्त की किनाऱ्यावर?

प्रश्न : मुलाला नौदलात जायचंय. युद्धात जहाजावरचा माणूस किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या सैनिकापेक्षा सुरक्षित असतो का? – एक आई, हर्णै

उत्तर : ताई, मी नौदलात इंजिनरूममध्ये नोकरी केली, म्हणून स्पष्टच सांगतो. एकूण आकडा किनाऱ्यावर उतरणाऱ्यांचाच मोठा. १९४५ साली जपानच्या ओकिनावा बेटावरच्या लढाईत अमेरिकेचे जमिनीवर ७,००० हून अधिक सैनिक मेले, नौदलाचे सुमारे ४,९००. पण जखमींकडे बघा. जमिनीवर एका मृतामागे चारेक जखमी होते. नौदलात जखमी जवळजवळ मृतांइतकेच. जमिनीवर जखमीला उचलून मागे नेता येतं. जहाजाच्या पोटात आग, वाफ आणि पाणी एकदम येतं, वर जायची वाट अरुंद.

आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका घ्या. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ६७ वाचले. तिचे प्रमुख कॅप्टन मुल्ला जहाजासोबतच गेले. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

मात्र कितीतरी जहाजं अख्खं युद्ध एकही माणूस न गमावता परततात. धोका असा विषम वाटलेला असतो. मुलाला अडवू नका. फक्त भरतीआधी खाडीत नीट पोहायला शिकवा, अंगावर कपडे ठेवून.